लिम्फोमाच्या (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरच्या) पेशंटच्या जुन्या फायलींसाठी मदत पाहिजे, वाचा आणि पुढे पाठवा

नमस्कार मंडळी,
आपलं मंडळ उभं आहे ते तुमच्या जिवावर, हे आधी लिहिते. पेठेतल्या किराणावाल्या शेठनी गल्ल्याशेजारी आपली पेटी ठेवली ती आजपर्यंत हलवली नाही, कन्याशाळेच्या निवृत्त बाईंनी पहिली पेन्शन जशीच्या तशी आणून दिली, आणि स्टँडवरच्या रिक्षावाल्या पोरांनी परळला टाटाला निघालेल्या पेशंटकडून स्टेशनपर्यंतचं भाडं कधी घेतलं नाही. अशी माणसं आपल्या गावात आहेत याचा फार अभिमान वाटतो.

आता काम. लिम्फोमा उलटला की हल्ली अँटीबॉडीची औषधं देतात. रिटक्सिमॅबला अमेरिकेत १९९७ ला मान्यता मिळाली, २००७ पासून ते भारतातही बनतंय. ते बी पेशीवरच्या (ही एक पांढरी पेशी, बहुतेक लिम्फोमा हिच्यापासूनच होतो) सीडी२० नावाच्या प्रथिनाला चिकटतं पण पेशी मारायचं बरंचसं काम आपलीच प्रतिकारशक्ती करते. ग्लोफिटामॅब, एपकोरिटामॅब ही नवी औषधं तर एकीकडे कॅन्सरची पेशी आणि दुसरीकडे आपली टी पेशी (प्रतिकारशक्तीची लढणारी पेशी) धरून दोघींना समोरासमोर आणतात. मग टी पेशीच कमी असतील तर? बेंडामस्टिन ही केमो टी पेशी कित्येक महिने खाली ठेवते, त्यामुळे ती नुकतीच झाली असेल तर नवं औषध कमी लागू पडेल का, इन्फेक्शन होईल का, हे डॉक्टरांना बघावं लागतं. लाल केमो म्हणजे डॉक्सोरुबिसिन, तिने हृदयाला इजा होऊ नये म्हणून आयुष्यभराचा हिशोब ठेवतात, मर्यादा साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅम शरीराच्या दर चौरस मीटरला, आणि आर-चॉपच्या (रिटक्सिमॅब आणि लाल केमो असलेला लिम्फोमाचा नेहमीचा कोर्स) ६ सायकलमध्येच ३०० होतात.

म्हणून कुठली केमो, किती सायकल, शेवटची कधी, हे कागदावर लागतं. आणि आपले पेशंट येतात ते "लाल सलाईन होतं" एवढंच सांगत, फाईल पावसात भिजलेली नाहीतर रद्दीत गेलेली. (आधीची केमो चुकली असं अजिबात नाही, तेव्हा ती गरजेचीच होती, घाबरून कुणी चालू केमो सोडू नका!!)

गेल्या वर्षी हेच लिहिलं होतं. ग्रुपवर अंगठे भरपूर आले, खोलीवर दोघंच आले. खरं सांगते, लागलं मनाला. तेव्हा स्कॅनर घेतला असता तर आज कितीतरी फायली वाचल्या असत्या.

तर, स्कॅनर (जुना चालेल), डिस्चार्ज कार्ड वाचून तारखा लिहून काढणारी ३-४ मुलं, फार्मसी-नर्सिंगवाली असतील तर उत्तमच, आणि सरकारी योजनेत न बसणाऱ्यांच्या २डी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि रिटक्सिमॅबआधीच्या हिपॅटायटिस बी तपासणीसाठी पैसे, ५० रुपये पण चालतील. रविवारी १० ते १२ मंडळाच्या खोलीवर, पावती लगेच, चेक मंडळाच्या नावाने, शेठच्या पेटीत टाकलं तरी पोचतं, महिनाअखेरच्या आत द्या कारण तिघांची पुढची तारीख पहिल्या आठवड्यात आहे. घरात कुणाची केमो झालेली असेल तर फाईलचे फोटो आजच मोबाईलवर काढून ठेवा.

आपली,
सचिव