पडद्यापलीकडच्या स्मिता पाटील

महोदय,

१३ डिसेंबर हा स्मिता पाटील यांचा स्मृतिदिन. त्यांच्या बोलक्या डोळ्यांविषयी दरवर्षी भरभरून लिहिले जाते. त्यांच्यातील कनवाळू कार्यकर्तीविषयी मात्र फारच त्रोटक, याची खंत वाटते. राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारांत वाढलेल्या आणि जीन्सवरच साडी नेसून मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचणाऱ्या या तरुणीने पुढे ‘भूमिका’ व ‘चक्र’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवले; पण यशाच्या त्या काळातही मुंबईतील महिला केंद्राच्या कामाशी त्यांनी नाते जोडले. १९८२ च्या ‘उंबरठा’त महिलाश्रमातील बायकांसाठी घर मागे ठेवून निघालेली सुलभा त्यांनी ज्या पोटतिडकीने उभी केली, ती केवळ अभिनयकौशल्यातून येत नाही, असे मला ठामपणे वाटते. १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि पुढच्याच वर्षी, बाळंतपणानंतर काही दिवसांतच, अवघ्या ३१ व्या वर्षी त्या गेल्या.

यंदा महाविद्यालयांच्या चित्रपट मंडळांनी या दिवशी ‘उंबरठा’ दाखवावा आणि त्यानंतर मुलींना मोकळेपणाने बोलू द्यावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, पुणे