पाठोपाठ चालणारा माइम

प्रिय मित्रा,

परवा फोनवर सभेतल्या तुझ्या भाषणाबद्दल तू म्हणालास ना, "किती पण सांगा, पालथ्या घड्यावर पाणी", ते डोक्यातून जातच नाहीये, म्हणून निवांत बसून लिहितोय.

मला वाटतं आपण सांगतो फार आणि दाखवतो कमी. कोलंबियातलं बोगोटा बघ. १९९५ मध्ये तिथे आंतानास मोकुस महापौर झाला, मूळचा गणित आणि तत्त्वज्ञानाचा प्रोफेसर. ट्रॅफिकची नुसती बोंब होती, तर या माणसाने रस्त्यावर चक्क माइम, म्हणजे मूकाभिनय करणारे कलाकार उतरवले! कोणी वाटेल तिथून रस्ता ओलांडायला लागला की चेहरा रंगवलेला माइम त्याच्या पाठोपाठ, हुबेहूब त्याचीच नक्कल करत, तोंडातून एक शब्द नाही. हातात ना शिट्टी ना पावतीपुस्तक. विचार कर, चारचौघांत आपलीच घाई आपल्याला कोणीतरी अशी करून दाखवतंय, दंड भरून माणूस विसरतो रे, हे कसं विसरेल? शिवाय त्याने लोकांना ३,५०,००० कार्डं वाटली, एकावर शाबासकीचा अंगठा, दुसऱ्यावर खाली वळलेला, म्हणजे पोलिसाऐवजी लोकच एकमेकांना सांगणार, तेही शिवी न देता. आणि पाणीटंचाईत स्वतः टीव्हीवर आंघोळ करताना साबण लावेपर्यंत नळ बंद करून दाखवला.

पुढच्या काही वर्षांत तिथले अपघाती मृत्यू निम्म्यावर आले. एकट्या माइममुळे नाही हं, कडक नियमही होतेच, कायदा नकोच असं मी म्हणत नाहीये. पण नियम आपला वाटायला आधी मनात काहीतरी हलावं लागतं.

सॉफ्ट पॉवर हा शब्द अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ जोसेफ नाय यांनी १९९० च्या सुमारास आणला तो देशांबद्दल बोलताना, धाक किंवा पैसा न वापरता ओढून घेण्याची ताकद. मला ती माणसामाणसांत जास्त दिसते. २३ ऑगस्ट १९८९ ला एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनियात लाखो लोक हातात हात घालून उभे राहिले, ६०० किलोमीटरच्या वर साखळी, सोव्हिएत सत्तेसमोर. हत्यार एक नाही. दोन वर्षांत तिन्ही देश स्वतंत्र. कारणं बरीच होती, पण शेजाऱ्याचा हात धरल्यावर "मी एकटाच आहे" ही भीती उरली नसेल.

तुझे मुद्दे सगळे बरोबर आहेत रे, आकडे पण चोख. फक्त ऐकणाऱ्याला स्वतःला त्यात बघायला जागा नाहीये. पुढच्या सभेचं भाषण लिहायला घेऊ नकोस अजून, रविवारी येतो, आधी लोकांना काय करून दाखवायचं ते ठरवू.

तुझाच