रक्षाताई, एकदा न कळवता मैदानावर या

मा. श्रीमती रक्षाताई खडसे,
केंद्रीय क्रीडा राज्यमंत्री

ताई, सप्रेम नमस्कार.

मी अमळनेर तालुक्यातला निवृत्त क्रीडाशिक्षक. रोज पहाटे साडेपाचला चाळीसेक पोरं पळवतो. निम्मी जिल्हा-विभागाच्या स्पर्धांची, निम्मी पोलीस भरतीची. खरं म्हणजे दोन्हीकडे पोरं तीच असतात.

भरतीत मैदानीचे ५० गुण, त्यातले २० एकट्या १६०० मीटरचे. ५ मिनिटं १० सेकंदांत आलं की ‘आउट ऑफ’. कापसाने दगा दिलेल्या घराचं सगळं दोन-चार सेकंदांवर येऊन अडकतं.

गेल्या हिवाळ्यात एक पोरगा तीन आठवड्यांत ५:४० वरून ५:१४ वर आला. मी त्याची पाठ थोपटली. एवढं आयुष्य मैदानावर गेलेल्या माणसाला कळायला हवं होतं, की नुसत्या सरावाने इतक्या दिवसांत २६ सेकंद जात नाहीत. कळलंही असेल; विचारलं मात्र नाही. मग एका सकाळी तिसऱ्या राऊंडला तो छातीला हात लावून खाली बसला. उपाशीपोटी आला असेल म्हणून मी गुळाचं पाणी पाजत बसलो. दवाखान्यात डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, ‘काय टोचलंस?’

टर्मिन. म्हणजे मेफेन्टरमिन. कमरेत भूल दिल्यावर रक्तदाब घसरला तर भूलतज्ज्ञ वापरतात ते औषध. धडधाकट पोराने घेतलं की दम लागल्याचं कळत नाही, पण काळीज चाबूक मारल्यागत पळतं. चिठ्ठीशिवाय विकायला मनाई असलेलं हे इंजेक्शन त्याला जिमच्या ओळखीतून मिळालं. वाचला, एवढंच. खाटेवरून मला म्हणाला, ‘सर, सगळाच लेतस. मीच मांगे ऱ्हाऊ का?’

मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

ताई, वरच्या पातळीवर काय चाललंय ते आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत. ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या २०२४ च्या आकड्यांत भारताचे ७११३ नमुने तपासले गेले आणि २६० दोषी निघाले. २०२२ मध्ये उत्तेजकविरोधी कायदा झाला, नमुने घेणारी आपली राष्ट्रीय संस्था ‘नाडा’ आहे, दिल्लीत प्रयोगशाळा आहे. पण नाडाचा माणूस पोचेपर्यंत पोरगा राष्ट्रीय पातळीवर गेलेला असतो आणि सुईची सवय दोन वर्षं जुनी झालेली असते. आमच्याकडच्या तालुका-जिल्हा स्पर्धेत लघवीचा नमुना घेताना मी तरी आजवर कुणाला पाहिलं नाही. यात्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलीचं तर बोलायलाच नको. २०१६ मध्ये पैलवान नरसिंग यादवचं उत्तेजकाचं प्रकरण झालं. त्याने कटाचा आरोप केला, तरी चार वर्षांची बंदी बसली. गंमत बघा, आमच्या तालमीत त्यातून धडा पोचला नाही, औषधाचं नाव तेवढं पोचलं.

मागणी मोठी नाही. जिल्हा-विभाग स्पर्धांत, दहाच का होईना, अचानक नमुने घ्या. पोलीस भरती आपल्या खात्याची नाही, राज्याच्या गृहखात्याची आहे, हे मला कळतं. पण आपला शब्द मुंबईत ऐकला जातो. औषध प्रशासन राज्याचं, नाडा केंद्राची, त्यामुळे पोरगा सापडतो आणि इंजेक्शन विकणारा दोघांच्या मधून निसटतो. या दोघांना एका टेबलावर बसवा. आणि माहिती मराठीत द्या, नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडे भिली-पावरीत द्या. तिकडची पोरं डोंगर चढून-उतरून आधीच दमदार असतात. त्यांच्यापर्यंत सुई पोचायच्या आत आपण पोचायला हवं. २०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला आहे, नंदुरबारपासून फार लांब नाही.

आपण कोथळीच्या सरपंच होतात. गावात कुठल्या दुकानात काय मिळतं हे सरपंचाला कुणी सांगावं लागत नाही, म्हणून हे पत्र दिल्लीच्या साहेबांना न लिहिता आपल्याला लिहितोय.

एकदा अमळनेरला या. उद्घाटन नको, सत्कार नको, आधी निरोपही नको. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्य स्पर्धेत नाडाची माणसं आल्याचं कळलं आणि शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीत एकटाच धावपटू पळाला. कळवून आलात तर आमच्याकडेही मैदानावर मी आणि माझी शिट्टी, दोघंच सापडू.

आपला,
एक क्रीडाशिक्षक
ता. अमळनेर, जि. जळगाव