मशीनच्या खोक्यात ठेवलेलं पत्र

तीर्थरूप आई आणि बाबांना
साष्टांग नमस्कार.

हे पत्र मुद्दाम सगळ्यात वर ठेवलंय. बाबा, आधी हे वाचा, मग मशीन, म्हणजे वाळूतला धातू शोधणारा हा मेटल डिटेक्टर, जोडा. खोक्यातलं माहितीपुस्तक परदेशातली शेतं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं आहे. दादरच्या ओल्या, खाऱ्या, कचऱ्याच्या वाळूत त्यातलं निम्मंच कामाला येतं.

दांडीचे तीन तुकडे आहेत. शेवटच्या तुकड्याला खालची चकती, म्हणजे कॉइल, बसते. तिचा बोल्ट प्लॅस्टिकचा आहे, तो फक्त हाताने आवळायचा. पक्कड लावली की आटे गेलेच. बोल्टच्या दोन्ही बाजूंना रबरी वॉशर आहेत. ते विसरलात तर कॉइल लुळी पडते आणि चालताना मान टाकते. कॉइलची वायर दांडीला घट्ट गुंडाळा, फक्त कॉइलपाशी ती वाकू शकेल एवढी ढील ठेवा. वायर लोंबत राहिली तर ती कॉइलजवळ हलते आणि खाली काही नसताना मशीन ओरडतं. नव्या माणसाला वाटतं मशीन बिघडलं. सेल चार लागतात, पेन्सिल सेल. जुने-नवे एकत्र घालू नका आणि घरी आलं की काढून ठेवा.

उंची नीट लावणं बाबांच्या कंबरेसाठी महत्त्वाचं. ताठ उभं राहून हात सैल सोडला की कॉइल पायांपुढे वीतभर अंतरावर जमिनीला सपाट टेकली पाहिजे. वाकावं लागत असेल तर दांडी एक भोक वाढवा. कोपर मागच्या कपात टेकवायचं, वजन मनगटावर घ्यायचं नाही.

घरात चालू करून बघण्याचा मोह होईल. उपयोग नाही. फरशीखाली स्लॅबच्या सळ्या आहेत, खिडकीला ग्रिल, भिंतीला लोखंडी कपाट, मशीन एकसारखं किंचाळत राहील. अलेक्झांडर ग्रॅहम बेललाही असाच दगा झाला होता असं म्हणतात. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या अंगातली गोळी शोधायला त्याने असलंच यंत्र नेलं, तर पलंगाच्या स्प्रिंगांनीच घोटाळा केला. तेव्हा सराव थेट कोरड्या वाळूत करायचा.

त्यासाठी आईकडून चार-पाच वस्तू मागून घ्या: चांदीचं जुनं जोडवं, देवघरातली लहान पितळी घंटी, स्टीलचा एक रुपया, सोड्याच्या बाटलीचं बूच, औषधाच्या रिकाम्या पाकिटाची चंदेरी पन्नी. सोन्याची अंगठी नेऊ नका. तिच्या जागी कोल्ड्रिंकच्या कॅनची चावी चालते, कारण मशीनला दोन्ही जवळजवळ सारखीच वाटतात. प्रत्येक वस्तूला हातभर जाड दोरा बांधा आणि दोऱ्याचं टोक वर ठेवून पुरा. आधी चार बोटं, मग वीतभर. दोरा नसेल तर सरावाच्याच वस्तू हरवतात, हे गमतीने सांगत नाही.

आता मशीन काय करतं ते. कॉइलमध्ये तारेची दोन वेटोळी आहेत. एक चुंबकीय क्षेत्र सोडतं, त्यामुळे खालच्या धातूत विजेचे भोवरे प्रवाह फिरतात, आणि त्या प्रवाहांचं उलट क्षेत्र दुसरं वेटोळं टिपतं. जायचंही अंतर, यायचंही अंतर, म्हणून सिग्नल अंतराच्या साधारण सहाव्या घाताने पडतो. खोली दुप्पट झाली की सिग्नल चौसष्टपट क्षीण. त्यामुळे अंगठी चार बोटं ते जेमतेम वीतभर, नाणं वीतभर किंवा थोडं जास्त, एवढीच या मशीनची पोच आहे. याच कारणासाठी कोणी ‘वीस मीटर खोलीवरचं सोनं दाखवतो’ म्हणून दोन अँटेनांचं यंत्र गळ्यात मारू लागला, तर त्याला चहासुद्धा पाजू नका. त्या डुलणाऱ्या काड्या हातातल्या कंपाने हलतात, सोन्याने नाही. आणि त्या काड्यांमागून लिंबू-नारळवाला बाबा येतो, मग ‘गुप्तधन’ हा शब्द येतो. गुप्तधनाच्या नावाने केलेले अघोरी प्रकार आपल्याकडे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवलेत. शेजारी कोणी विचारलं तर ‘हरवलेल्या वस्तू शोधायचं मशीन’ असंच सांगा. खरंही तेच आहे.

आवाजाबद्दल सगळ्यात जास्त लिहायचंय, कारण इथेच लोक सोनं मागे सोडून जातात. पडद्यावर आकडा येतो. लोखंड तळाला, चांदी आणि तांबं वरच्या टोकाला. सगळ्यांना वाटतं सोनं त्याहून वर असेल. नसतं. दागिन्याच्या सोन्यात मिसळलेल्या धातूंमुळे वाहकता घसरते, शिवाय नाजूक अंगठीचा जीव तो केवढा. ती खालच्या-मधल्या पट्ट्यात दिसते, नेमकी औषधाच्या पन्नीच्या आणि कॅनच्या चावीच्या शेजारी. कचऱ्याचा कंटाळा येऊन तो पट्टा बंद केलात की आवाज थांबतात, आणि अंगठ्याही. तेव्हा चौपाटीवर फक्त लोखंड गाळा, बाकी सगळं खणा. दहा चाव्या निघतील. अकरावी वस्तू अंगठीच असेल याची खात्री मी देत नाही, पण नियम हाच.

मंगळसूत्र हा वेगळाच प्रकार. सर पूर्ण सोन्याचा असला तरी मशीनला तो सलग दिसत नाही. प्रत्येक कडी सुटी, इवलीशी वस्तू म्हणून दिसते, आणि काळ्या मण्यांना तर आवाजच नाही. बोलतात त्या वाट्या, कारण त्यांचा पत्रा सलग आहे. कोणी रडत येऊन ‘इथेच पडलं’ म्हणालं, तर मोठ्या आवाजाची वाट बघू नका. कॉइल वाळूला जवळजवळ घासत, अगदी सावकाश फिरवा आणि छोटा, कापरा पण दोन्ही दिशांनी येणारा आवाज शोधा. कानातली कुडी, नथीचा फासा यांचंही तेच.

नाण्यांत गंमत आहे. आताचे एक-दोन रुपये स्टीलचे, त्यात ८३ टक्के लोखंड आणि १७ टक्के क्रोमियम. ते चुंबकाला चिकटतात, म्हणूनच खाडीत दोरीला चुंबक बांधून पोरं नाणी काढतात. पण मशीनवर त्यांचा आवाज लोखंडासारखाच चिरका, उड्या मारणारा येतो, बाटलीच्या बुचासारखा. दोघांतला फरक कानाला कळायला दोन महिने जातात. जुनी तांबं-निकेलची दोन आणि पाच रुपयांची नाणी मात्र स्वच्छ बोलतात. राणीछाप रुपया तर ठणकून बोलतो: ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर तोळाभर, आणि ९१.७ टक्के चांदी. तो चौपाटीवर भेटेल अशी आशा ठेवू नका, पण आवाज ओळखीचा असावा. आणि सोन्याचा कण किंवा भुगा या मशीनला दिसतच नाही. झवेरी बाजारच्या गटारातली धूळ धुऊन सोनं काढणाऱ्या झारेकऱ्यांची विद्या निराळी, तिथे घमेलंच लागतं.

कधी जायचं हे मशीन नाही, भिंतीवरचं कॅलेंडर सांगेल. तिथीला पाऊणने गुणलं की मुंबईच्या पूर्ण भरतीची वेळ येते, हे आईला माहीत असेल. अष्टमीला सहा, म्हणून पूर्ण ओहोटी बाराच्या सुमारास. पण अष्टमीची भरती भांगाची, पाणी फार मागे हटत नाही, आणि भर उन्हात जाण्यात अर्थ नाही. तुम्हाला सोयीची प्रतिपदा ते तृतीया, पौर्णिमेनंतरची असो की अमावास्येनंतरची. प्रतिपदेला भरती पाऊण वाजता, म्हणून ओहोटी सकाळी सातच्या आसपास, द्वितीयेला पावणेआठ, तृतीयेला साडेआठ. उधाणाचे दिवस असल्याने पाणी खूप आत जातं आणि एरवी बुडालेली वाळू उघडी पडते. ओहोटीच्या दीड तास आधी पोहोचा, उतरत्या पाण्याबरोबर खाली जा, पाणी वळलं की वर या. पाण्याकडे पाठ करून खणायचं नाही. पावसाळ्यात जायचंच नाही. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा महापालिका जाहीर करते, त्या काळात चौपाटी लाटांची. मात्र पावसाळा संपल्यावर वाळू कापली जाऊन जिथे पायरीसारखी कड तयार होते, तिथे आधी बघा. काळ्या रेतीचा पट्टा दिसला तर तिथेही. जड रेती जिथे साचते तिथेच शिसं, नाणी, अंगठ्या थांबतात.

पण तोच काळा पट्टा मशीनला त्रास देतो. आपली रेती काळ्या दगडाची, तिच्यात चुंबकीय खनिजं आहेत, आणि खारं पाणी स्वतःच वीज वाहून नेतं. म्हणून कोरड्या वाळूतून ओल्यात शिरलात की मोड ‘बीच’वर न्या आणि ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीचा स्वतःचा आवाज गप्प करणं, पुन्हा करा: धातू नसलेली जागा बघून, बटण दाबून, कॉइल गुडघ्यापासून जमिनीलगत पाच-सहा वेळा वरखाली, आवाज बसेपर्यंत. तरी कुरकुर राहिली तर सेन्सिटिव्हिटी दोन खाने उतरवा. पूर्ण वर ठेवून खोली वाढत नाही, खोटे आवाज वाढतात. दिव्यांच्या खांबाखाली किंवा कोणाचा मोबाइल शेजारी असताना उगाच टिकटिक होते, तिथून बाजूला व्हा. स्वतःचा मोबाइल मागच्या खिशात.

फिरवताना कॉइल वाळूपासून दोन बोटं वर आणि शेवटपर्यंत सपाट. केर काढताना झाडू टोकाला उचलला जातो तसं केलंत तर दोन्ही कडांची खोली वाया जाते. प्रत्येक फेरी आधीच्या अर्ध्या पट्ट्यावरून. आवाज आला की नव्वद अंशात वळून पुन्हा फिरवा. दोन्हीकडून तोच आकडा, तर खणा. एकाच बाजूने बोलला तर बहुतेक वाकडा खिळा. विसर्जनानंतर असे खिळे आणि मूर्तींच्या सांगाड्यांच्या तारा पायलीला पन्नास मिळतात.

खणायला लांब दांड्याचं चाळणीचं स्कूप वेगळ्या पुठ्ठ्यात पाठवलंय, त्याने गुडघे वाचतील. आवाजाच्या मध्यापासून चार बोटं मागे पातं रोवा, थेट मध्यावर नाही, नाहीतर अंगठी चेपते. एक स्कूप काढलं की आधी खड्ड्यावर कॉइल फिरवा. खड्डा गप्प, तर वस्तू स्कूपमध्ये. खड्डा बोलतोय, तर अजून खाली. शोधणाऱ्या हातात बाबांचं कडं आणि घड्याळ नको, तेच वाजतं. हातमोजे घालूनच वाळू चिवडा, काचा, सुया, गंजलेले पत्रे सगळं असतं. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ठेवा. आणि प्रत्येक खड्डा लगेच बुजवा. सकाळी धावणारे तुमच्याच वयाचे असतात.

कुठे जायचं नाही ते थोडक्यात. शिवाजी पार्कचं मैदान नाही. किल्ले तर अजिबात नाहीत. वसईसारख्या संरक्षित स्मारकापासून शंभर मीटर निषिद्ध आणि पुढचे दोनशे नियंत्रित क्षेत्र असतं, तिथे नुसतं मशीन हातात दिसलं तरी उत्तरं देत बसाल. गोदीचा गाळही नाही. बाबांना १४ एप्रिल १९४४ च्या स्फोटाचा विषय प्रिय आहे, फोर्ट स्टिकीन बोट, व्हिक्टोरिया डॉक, कापसाच्या गासड्या, सोन्याच्या विटा. पण त्याच बोटीत दारूगोळाही होता. पुढे कित्येक वर्षांनी त्या गाळातून विटा निघाल्या तसे न फुटलेले गोळेही. कुठेही गोल, जड, गंजका लोखंडी तुकडा लागला तर स्कूप तिथेच ठेवून मागे फिरा आणि पोलिसांना कळवा.

सापडलं त्याचं काय? १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून चालू आहे. जमिनीत दडवलेलं दहा रुपयांहून अधिक किमतीचं काही मिळालं तर कलेक्टरला लेखी कळवायचं: काय, कुठे, कधी. दडवून ठेवलं तर वर्षापर्यंत कैद होऊ शकते. दहा रुपये ही रक्कम आज हास्यास्पद वाटेल, पण कायद्यात तीच आहे. हल्ली हरवलेली अंगठी हे गुप्त धन नव्हे, तिला मालक आहे. ती जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करा आणि पोच घ्या. आतल्या बाजूची अक्षरं, तारीख कोणाला सांगू नका. खरा मालक ती स्वतःच सांगेल.

आई, तुझ्यासाठी एकच. जुनं नाणं आलं तर चिंच, राख, पितांबरी काहीही लावू नकोस. चकाकी येते आणि किंमत जाते, कारण वर्षानुवर्षं चढलेला थरच जाणकार बघतात. साध्या पाण्यात भिजवून वाळू सुटू दे, बस. कॉइल मात्र दर वेळी नळाखाली धुवायला लाव, खालचं झाकण काढून, नाहीतर आत बसलेली ओली रेती पुढच्या वेळी खोटे आवाज काढते. दांडीचे जोडही सुटे करून पुसायचे, मीठ धरलं की ते जाम होतात. पडद्याच्या डब्याला पाणी लागू द्यायचं नाही, फक्त कॉइल पाण्यात चालते.

खोकं रद्दीवाल्याला देऊ नका. कॉइल बिघडली तर परत पाठवायला हेच लागेल, आणि बिल त्याच्या झाकणाला आतून चिकटवलंय.

तुमची,
वैजू