जंतांचं औषध आणि तुझ्या मेंढ्या

सोलापूर
गड्ड्याच्या यात्रेचे दिवस

प्रिय बाळू,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं. अल्बेंडाझोल आहे, आयव्हरमेक्टिन आहे, मग जंतांसाठी नवं टार्गेट, म्हणजे औषधानं घाव घालायची नवी जागा, शोधत का बसता, असं विचारलंस. सांगोल्यात रोज मेंढ्यांना औषध पाजणाऱ्या डॉक्टरनं हे विचारलं याचं मला बरं वाटलं, कारण निम्मं उत्तर तुझ्याच पत्रात आहे. औषध पाजूनही त्या कळपाच्या पापण्या पांढऱ्याफटक आणि जबड्याखाली पाणी, असं तूच लिहिलंयस.

काम हीमॉन्कसचं, म्हणजे मेंढीच्या पोटात रक्त पिणाऱ्या जंताचं असणार. अल्बेंडाझोल जंताच्या बीटा-ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटतं आणि पेशीतल्या सूक्ष्म नलिका बनूच देत नाही. पण त्या प्रथिनात २००व्या जागी फेनिलअॅलॅनिन या अमिनो आम्लाऐवजी टायरोसिन हे दुसरं आलं, की पकड सुटते. एवढासा बदल! साधे जंत मरतात, हे बदललेले उरतात आणि पुढची पिलावळ त्यांचीच होते. मग तू फेनबेंडाझोल दे नाहीतर ऑक्सफेंडाझोल, घराणं एक आणि चिकटायची जागाही एकच. बाटली बदलून काही साधत नाही, जागाच नवी हवी. म्हणून आमची शोधाशोध.

आयव्हरमेक्टिनची जागा वेगळी आहे: ग्लुटामेटनं उघडणारी क्लोराइडची वाहिनी. ती जंतात असते, सस्तन प्राण्यांत नसते. पण ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिकेतले हीमॉन्कस आता यालाही दाद देईनासे झालेत. २००९ साली न्यूझीलंडमध्ये मेंढ्यांसाठी मोनेपँटेल आलं. ते सूत्रकृमींतच, म्हणजे अशा धाग्यासारख्या गोल जंतांतच, सापडणाऱ्या एका वेगळ्याच रिसेप्टरवर (पेशीवरच्या संदेश झेलणाऱ्या प्रथिनावर) काम करतं, म्हणून जुन्या औषधांना न जुमानणारे जंतही त्यानं मेले. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं.

तो रिसेप्टर ओळखताना सी. एलेगन्स कामी आला. मिलिमीटरभराचा, मातीत राहणारा, कुणालाही न छळणारा कृमी. त्याचा जीनोम, म्हणजे सगळा जनुकसंच, १९९८ साली वाचून झाला, बहुपेशीय प्राण्यांत सर्वांत आधी. त्याची जनुकं एकेक करून बंद पाडायची, कुठलं बंद केल्यावर तो मरतो ते पाहायचं, आणि तेच जनुक परजीवी जंतात आहे पण मेंढीत किंवा माणसात नाही, असं शोधायचं. मी संगणकावर हेच करतो. यादी लांबलचक निघते. पण खरा जंत मरेपर्यंत त्या यादीला मी फार किंमत देत नाही, आणि परजीवी जंतात जनुक बंद पाडणं सी. एलेगन्सइतकं सोपं नाही.

आता माणसांचं. १० फेब्रुवारीला शाळाशाळांतून मुलांना अल्बेंडाझोलच देतील. ते द्यायलाच हवं. पण मेंढीत घडलं ते माणसात घडणारच नाही, असं कोण सांगेल?

आणि आपल्या जिल्ह्यातला हत्तीरोग तर तू लहानपणापासून पाहतोयस. सध्याच्या गोळ्यांनी रक्तातली पिल्लं मरतात. मोठे जंत मात्र बरेचसे तग धरतात, काही वर्षं जगतात, म्हणून मोहीम दरवर्षी घ्यावी लागते. आमच्या गल्लीतल्या मावशींचा पाय सुजून बसलाय तो कुठल्याच गोळीनं ओसरणार नाही. रोज धुणं, कोरडा करणं, उंच ठेवणं, एवढंच हाती आहे. पुढच्या पोरींवर ती वेळ येऊ नये, एवढ्यासाठी मला हे काम सोडवत नाही.

इथलं टार्गेट तर विलक्षण आहे. हत्तीरोगाच्या जंताच्या पोटी वोल्बाकिया नावाचे जिवाणू राहतात आणि त्यांच्यावाचून जंताचं चालत नाही. डॉक्सिसायक्लिननं ते मारले की मादी वांझ होते, पुढे जंतही हळूहळू मरतो. अडचण अशी, की गोळ्या चार ते सहा आठवडे घ्याव्या लागतात, आणि गरोदर बायकांना, लहान मुलांना त्या देता येत नाहीत. हेच काम आठवड्यात करणारं औषध मिळालं तर!

तर आता तुझ्याकडून हवंय ते. त्या कळपातल्या दहा-पंधरा मेंढ्यांना बिल्ले लाव. औषध अंदाजानं नको, वजन करूनच पाज; मात्रा कमी पडली तर दोष जंताचा की मापाचा हे कळणार नाही. पाजण्याआधी एकदा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा, प्रत्येकीची ताजी लेंडी वेगळ्या पिशवीत घे. गार ठेव, पण गोठवू नकोस. आपण त्यातली जंतांची अंडी मोजू. अंडी कमी झाली नाहीत, तर उरलेल्या जंतांची ती २००वी जागा मी इथे तपासून घेतो. धनगरांना आधी नीट समजावून सांग, कळपाचा प्रश्न त्यांचाच आहे.

वहिनींना नमस्कार. पिशव्या आणि बर्फाचा डबा एसटीनं पाठवतोय.

तुझा,
आप्पा