बाबा, यंदा किप्पूरला मोजून खा

प्रिय आई-बाबा,
शालोम.

आई फोनवर सांगत होती, इन्सुलिन सुरू झालं तरी किप्पूरचा, आपल्या यहुद्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, कडक उपास धरायचाच असं बाबांनी ठरवलंय. ‘तोरात, आपल्या धर्मग्रंथात लिहिलेलं डॉक्टर कसं बदलणार?’ असं म्हणालात म्हणे, बाबा. डॉक्टरांचं राहू द्या, आपले रब्बी, म्हणजे धर्मगुरू, काय सांगतात ते लिहिते.

‘या आज्ञा पाळणारा त्यांच्यामुळे जगेल’, हे तोरातलं वचन, लेवीय 18:5. तिसऱ्या शतकात बाबिलोनमध्ये श्मुएल या धर्मपंडितांनी त्याचा अर्थ लावला, जगायचं, त्यांच्यापायी मरायचं नाही. तालमूदमध्ये, रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात, तर असंही आहे की आजारी माणूस स्वतः ‘मला खायला हवं’ म्हणाला, तर शंभर जण नको म्हणोत, त्याचंच ऐकायचं.

तालमूदचा मूळ भाग असलेल्या मिश्नाप्रमाणे मोठ्या खजुराएवढं खाल्लं की उपास मोडतो. म्हणून रब्बी आजाऱ्याला त्याहून कमी खायला सांगतात. औषधाच्या मापाच्या कपात जेमतेम 30 मिलीलिटर, मग सुमारे 9 मिनिटं थांबायचं, पुन्हा तेवढंच. पाण्याचंही असंच, एका घोटाहून कमी. एवढ्याने भागत नसेल तर पोटभर खायचं, तीही आज्ञाच. हे ऐकून माझ्या जिवाला केवढा आधार वाटला!

आपल्या शेजारच्या चाचांनाही मधुमेह आहे ना? कुराणातल्या सूरह बकरामध्ये आजाऱ्याला आणि प्रवाशाला रोजे पुढे भरून काढायची मुभा आहे. आजार कायमचा असेल तर प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालायचं. कुराण उतरलं तेव्हा इन्सुलिन कुठे होतं? तरी आज बहुतेक मुफ्ती सांगतात की इंजेक्शनने किंवा बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, आणि डॉक्टरने धोका सांगितला तर रोजा ठेवू नये.

प्रत्येक नवा अर्थ मला पटतोच असं नाही. ट्युनिशियात 1960 मध्ये राष्ट्राध्यक्ष बुर्गीबा म्हणाले, देश मागासलेपणाशी लढतोय, कामगारांनी रोजे सोडावेत. तिथल्या मुफ्तींनी ते मानलं नाही, ते बरोबरच वाटतं मला. कामाचा उरक आणि माणसाचा जीव एका तागडीत नाही घालता येत.

बाबा, सणाआधी डॉक्टरांना विचारून घ्या, मग रब्बींना. आई, मापाचा कप आणि साखर तपासायचं मशीन बाबांबरोबर माशिदीत, आपल्या सिनेगॉगमध्ये, पाठव. डॉक्टर काय म्हणतात ते कळलं की त्याच दिवशी फोन करा.

तुमची लेक,
अश्दोद, इस्रायल