डेल्फ्टहून परतल्यावर

आइंडहोव्हन, नेदरलँड्स,
18 जानेवारी

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

संक्रांतीला फोन केला तेव्हा आजीला माझे निम्मेच बोलणे ऐकू आले आणि उरलेले निम्मे आईने तिला ओरडून सांगितले, म्हणून या वेळी सविस्तर पत्र लिहीत आहे. ते आजीला सावकाश वाचून दाखवा. गेल्या शनिवारी आम्ही चौघेजण डेल्फ्ट नावाच्या जुन्या शहरी जाऊन आलो. तिथल्या तांत्रिक विद्यापीठात जीवाणूंवर काम करणारी माझी नागपूरची मैत्रीण बरेच दिवस बोलावत होती. थंडी ओसरली की जाऊ, असे मी तिला सांगत राहिले असते, तर एप्रिल उजाडला असता.

इथे सध्या सकाळी पावणेनऊच्या सुमारास सूर्य उगवतो आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास मावळतो, त्यामुळे आम्ही अंधारातच गाडीत बसलो. डेल्फ्टला पोहोचायला सव्वा तासाच्या आसपास लागतो. वाटेत मूरडाइकच्या पुलावरून एवढे रुंद पाणी लागते, की क्षणभर आपली खाडीच वाटावी. मात्र या पाण्याला ना माड, ना होडी, आणि रंग शिशासारखा. डेल्फ्टचे स्थानक जमिनीखाली आहे. सरकत्या जिन्याने वर आलो, तर छतभर निळ्या रंगात शहराचा जुना नकाशा छापलेला दिसला. मान वर करून तो पाहत असताना माझ्या मोज्यात बर्फाचे पाणी कसे शिरले, ते कळलेच नाही.

शहर लहान आहे. कालव्यांच्या दोन्ही काठांना उंच, अरुंद विटांची घरे आहेत, आणि कडेचे पाणी गोठून त्यावर दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा धरला होता, ज्यावर बदके घसरत होती. नव्या चर्चचा मनोरा जवळजवळ 109 मीटर उंच आहे आणि त्याला 376 पायऱ्या आहेत. जिना इतका अरुंद व गोल फिरणारा आहे, की खाली येणारा माणूस भेटला म्हणजे एकाने भिंतीला पाठ चिकटवूनच उभे राहावे लागते. आमच्यातला चेन्नईचा मित्र शंभराव्या पायरीवरूनच परत फिरला आणि खाली गरम चॉकलेट पीत बसला. वर वारा असा होता, की डोळ्यांतले पाणी कानापर्यंत जात होते. तरीही एका बाजूला द हेग आणि दुसऱ्या बाजूला रॉटरडॅम दिसले. बाबा, तुमच्या गुडघ्यांना हा जिना मी कधीही दाखवणार नाही. याच चर्चखाली इथल्या राजघराण्याची दफनभूमी आहे. त्या घराण्याचा मूळपुरुष विल्यम ऑफ ऑरेंज याचा 1584 मध्ये याच शहरात गोळ्या घालून खून झाला. ती जागा पाहायला मात्र वेळ उरला नाही.

मला खरे सांगायचे आहे ते जुन्या चर्चविषयी. त्याचा मनोरा सुमारे दोन मीटर कललेला आहे, कारण त्याच्यासाठी कालवा बाजूला सरकवून भराव घातलेल्या भुसभुशीत जमिनीवर तो उभारला गेला. आत पाऊल टाकल्यावर फरशी म्हणून आपण ज्यावर चालतो, ते थडग्यांचे दगड असतात. मला तर प्रत्येक दगडाला मनातल्या मनात नमस्कार करत चालावे लागले. डिसेंबर 1675 मध्ये इथे पुरलेला चित्रकार व्हर्मेर कर्जात बुडून गेला, आणि आज त्याच्या गावात त्याचे एकही मूळ चित्र उरलेले नाही. त्याच चर्चमध्ये लेवेनहूक यांचे स्मारक आहे, आणि तिथे मी सर्वांत जास्त वेळ थांबले.

लेवेनहूक हे कापडाचे व्यापारी. विद्यापीठाची पायरी न चढलेले, आणि डचखेरीज दुसरी भाषा न येणारे. कापडाचे धागे भिंगाखाली पाहता पाहता ते स्वतःच भिंगे घासू लागले, आणि वाटाण्याहूनही लहान अशा एकेका भिंगातून त्यांनी त्यापूर्वी कोणीही न पाहिलेली सृष्टी पाहिली. बाबा, आता नीट ऐका. या गृहस्थांना प्रश्न पडला होता, की मिरी तिखट का लागते? दाण्याला बारीक काटे असतील आणि ते जिभेला टोचत असतील, असा त्यांचा तर्क होता. दाणा मऊ पडावा म्हणून त्यांनी थोडी अख्खी मिरी साठवून ठेवलेल्या बर्फाच्या पाण्यात भिजत घातली. काही आठवड्यांनी, एप्रिल 1676 मध्ये, ते पाणी भिंगाखाली धरले, तर काटे कुठेच नाहीत, पण हजारो अतिसूक्ष्म जीव वळवळताना दिसले! जीवाणू पाहणारा पहिला माणूस म्हणून जग आज त्यांना ओळखते, आणि त्याला निमित्त झाली काळी मिरी. त्यांनी हे सारे पत्राने लंडनच्या रॉयल सोसायटी या विद्वानांच्या संस्थेला कळवले, तेव्हा तिथे लोकांना ते खरे वाटेना, म्हणून गावातल्या धर्मोपदेशकांसह आठ जणांची साक्ष त्यांना पाठवावी लागली. ते स्मारक त्यांच्या मुलीने, मारियाने, उभारले आहे.

तिथून निघाल्यावर मैत्रिणीने आम्हाला कालव्याकाठच्या एका मोठ्या जुन्या इमारतीसमोर नेले. डच ईस्ट इंडिया कंपनी 1602 मध्ये स्थापन झाली, तेव्हा तिच्या सहा शाखांपैकी एक डेल्फ्टला होती, आणि हे तिचे घर. मला आपल्या वेंगुर्ल्याच्या कँपातली डच वखार आठवली. तिच्या भिंतींतून वडाची मुळे बाहेर आली आहेत, आणि आत जाऊ नका, जनावर असेल, असे आजी आम्हाला बजावत असे. शाळेत आम्हाला एवढेच शिकवले होते, की 1637 च्या सुमारास डच वेंगुर्ल्यात आले आणि गोव्याच्या पोर्तुगीजांवर डोळा ठेवून बसले. त्या वखारीतून निघालेला कागद शेवटी कोणत्या दाराशी पोहोचत असे, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. लेवेनहूक यांच्या वाटीतली मिरी मलबारची होती की जावा-सुमात्रेची, हे मी सांगू शकत नाही, आणि ती आपल्याकडची होती असे म्हणण्याचा मोह मी आवरते. पण दाराशी उभी असताना ओल्या विटांच्या वासाबरोबर मला आपल्या खळ्यात वाळत घातलेल्या मिरीचा वास आला, हे खरे आहे.

जेवायला वाटाण्याचे दाट सूप घेतले, ज्यात चमचा उभा राहतो. इथे हिवाळ्यात घरोघरी ते करतात. आई, ते दिसायला आपल्या कुळथाच्या पिठीसारखे आणि चवीला तिच्या पासंगालाही न पुरणारे. लसूण नाही, कोकम नाही. तरीही त्या थंडीत मी दोन वाट्या संपवल्या.

फजिती एक झाली, तीही सांगून टाकते. डेल्फ्टची निळ्या नक्षीची मातीची भांडी प्रसिद्ध आहेत. सतराव्या शतकाच्या मध्यास चीनमधल्या लढायांमुळे तिथली भांडी येईनाशी झाली, तेव्हा इथल्या कुंभारांनी त्यांची नक्कल करून आपला धंदा उभा केला. खरी हाती रंगवलेली वस्तू मला परवडणारी नव्हती, म्हणून एका लहानशा दुकानातून आजीसाठी पवनचक्कीची एक टाइल घेतली. घरी येऊन उलटी करून पाहते, तर मागे चीनमध्ये बनवल्याची चिकटचिठ्ठी! चारशे वर्षांत चक्र पुरे फिरले म्हणायचे. आजीला मात्र ती टाइल डच म्हणूनच द्या.

यंदाची मिरी काढून झाली का, आणि पोफळीवरच्या जुन्या वेलीला किती आली, ते कळवा. तुम्ही दिलेल्या पुडीत माझ्याकडे चमचाभर दाणे उरले होते. परवा पुन्हा बर्फ पडला, तेव्हा तो काचेच्या ग्लासात घेतला, वितळू दिला आणि त्यात त्यातले सात दाणे टाकून ग्लास खिडकीत ठेवला आहे. नागपूरची मैत्रीण म्हणाली, तीन आठवडे हात लावू नकोस, मग बाटलीत भरून प्रयोगशाळेत घेऊन ये, आपण पाहू. पाणी आत्ताच थोडे गढूळ दिसू लागले आहे. काय दिसले, ते पुढच्या पत्रात लिहीन.

आजीला साष्टांग नमस्कार.

तुमची लेक